हुरड्याच्या पंगतीला कोणत्या गावची वाइन?

प्रश्न : जानेवारीत आमच्या शेतावरच्या बागेत वीस स्नेह्यांना दुपारच्या हुरड्यासाठी बोलावले आहे. सोबत वाइन ठेवायची आहे, आणि ती जिथली आहे तिथले काहीतरी तिच्यात जाणवावे अशी इच्छा आहे. त्यासाठी निरनिराळ्या देशांच्या सहा बाटल्या आणाव्यात काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : सहा देशांच्या सहा बाटल्या आणल्यास सहा निराळ्या चवी जरूर मिळतील, परंतु त्यांतला कोणता फरक द्राक्षाच्या जातीचा, कोणता वाइन करणाऱ्याच्या हातचा आणि कोणता जागेचा, हे पंगतीतल्या कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून जात एकच ठेवावी आणि गाव बदलावे. आपल्याकडे यासाठी सर्वांत सोयीची जात म्हणजे शेनिन ब्लाँ. तिचे माहेर फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे, तिची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत, आणि नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्येही तिचा वाटा मोठा आहे.

ल्वारकाठच्या वूव्ह्रे गावाच्या परिसरात ही द्राक्षे उन्हाळा सरता सरता, दिवस लहान आणि गार होत असताना पिकतात, त्यामुळे त्यांचा आंबटपणा टिकून राहतो. नाशिकला नेमके उलटे घडते. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फुटीसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बार छाटणी (फळासाठी) झाल्यावर मणी हिवाळ्यात भरतात आणि जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे थंडीतून उन्हाकडे जाताना, त्यांची तोडणी होते. ऊन चढू लागले की आंबटपणा झपाट्याने उतरतो. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी काही दिवस लांबली तरी चव बदलते. वूव्ह्रेच्या घोटात हिरव्या सफरचंदाचा कडकपणा आणि नाशिकच्या घोटात अननस-पेरूची मऊ झाक जाणवली, तर तिच्यामागे मुख्यतः हे ऋतुचक्र आहे असे मी मानतो.

‘मातीची चव’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. वूव्ह्रेचा मऊ चुनखडक किंवा नाशिकचा काळा बेसाल्ट चवीच्या रूपाने ग्लासात उतरत नाही. जमीन आपले काम पाण्यामार्फत करते : उताराच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही आणि वेल बेताने वाढते, तर भारी काळ्या जमिनीत पालाच माजतो, हे कोणताही द्राक्ष बागायतदार सांगेल. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ वेली ज्या डॉगरिज खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या वेलीवर) कलम केलेल्या असतात, तो मुळात अमेरिकेतील टेक्सासचा. मातीचा अभिमान बाळगताना हेही स्मरणात असावे.

तेव्हा वूव्ह्रे, दक्षिण आफ्रिका आणि नाशिक अशा तीन ठिकाणच्या प्रत्येकी दोन बाटल्या घ्याव्यात. ७५० मिलीच्या बाटलीतून ७५ मिलीचे दहा पेले भरतात, म्हणजे वीस जणांना तिन्हींची चव पाहता येते. लाकडी पिंपात मुरवलेली वाइन टाळावी, कारण लाकडाचा वास जागेचा फरक झाकून टाकतो. वूव्ह्रेची वाइन कोरडीपासून (म्हणजे गोडवा नसलेली) चांगल्या गोडपर्यंत सर्व प्रकारची मिळते. कोरडी हवी असल्यास लेबलावर ‘सेक’ हा शब्द पाहावा. नाशिकच्या काही शेनिन किंचित गोडसर असतात. तुलनेसाठी कोरडी घेणे बरे, पण लसणाच्या तिखट चटणीबरोबर ती गोडसरच अधिक जुळते, म्हणून तिची एखादी बाटली वेगळी ठेवावी. आयात बाटल्या महागच पडतात. खर्च आवरायचा असेल तर दोनच ठिकाणे पुरेत, मात्र त्यांत एक नाशिक असावे. नाशिकची वाइन अलीकडच्या हंगामाची आहे ना, हेही पाहावे.

चव पाहण्याचा कार्यक्रम चटणी वाढण्यापूर्वी आणि आगटीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उरकावा. धुरात भाजलेल्या कणसांचा वास कितीही प्रिय असला, तरी त्याच्यापुढे कोणत्याही पांढऱ्या वाइनचा गंध टिकत नाही.

प्रश्न : आमच्या घरी सर्वांना रेड वाइनच आवडते. ती बागेत नेहमीच्या तापमानालाच द्यावी ना? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘नेहमीचे तापमान’ हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी होता आणि त्याचा अर्थ १६ ते १८ अंश असा होतो. सोलापूरच्या बागेत दुपारी ते मिळणे अशक्य, म्हणून बाटली वीसेक मिनिटे बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवावी. केवळ बर्फापेक्षा बर्फ घातलेले पाणी लवकर गार करते. निवडीसाठी आपल्याला लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, फ्रातेल्ली या वाइन कंपनीने इटलीतील टस्कनीची सांजोव्हेजे ही जात लावली आहे. तिच्याशेजारी टस्कनीच्याच किआंती या रेड वाइनची एक बाटली ठेवावी, कारण किआंतीही प्रामुख्याने याच द्राक्षाची असते. ग्लास निम्म्याहून कमी भरावा. उन्हात उरलेली वाइन पाहता पाहता कोमट होते.