डायबिटीस आहे, तरी साखर द्यायची?

"ताई, घरात साखरेचा डबा लपवून ठेवलाय मी. आणि तुम्ही म्हणता, यांना साखर द्या?" भांडुपच्या काकूंचा हा प्रश्न. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण प्रश्न माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक घरांचा आहे.

काकूंची तक्रार होती काकांच्या स्वभावाची. संध्याकाळी घरी आले की भांड्याच्या आवाजानेही भडकतात, जेवल्यावर पुन्हा शांत. त्यात संकष्टी आली. काकांनी सकाळी डायबिटीसची, ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर नुसत्या बिनसाखरेच्या चहावर राहिले. चंद्रोदय रात्री. परतीच्या स्लो लोकलमध्ये दादरनंतर त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणं अडखळलं. कोणीतरी म्हणालं, "प्यायलेत." आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस! हे सांगताना काकूंना रडू आवरेना. शेजारच्या मुलाने आंब्याच्या ज्यूसचं पाकीट दिलं म्हणून निभावलं.

मी काकूंना सांगितलं, हा स्वभाव नाही, शुगर लो होतेय. ती 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक. 54 च्या खाली मेंदूलाच पुरेशी साखर मिळत नाही, मग चिडचिड, गोंधळ, असंबद्ध बोलणं. इन्सुलिन आणि काकांच्या गोळीसारख्या काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी आपलं काम करत राहतात. काकांचा डबा दुपारी एकला, जेवण रात्री नऊला, आणि पथ्य म्हणून पाचचं खाणं बंद केलेलं.

अशा वेळी साखर हेच औषध. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर वाट पाहू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमीच असेल तर तेवढीच परत द्या. बरं वाटलं की पोळीभाजी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या डायबिटीसच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर साध्या साखरेचा लवकर उपयोग होत नाही, ग्लुकोजच हवं. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबभरही घालू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. काकांच्या डॉक्टरांनी डोस कमी केला, पाचला मूठभर चणे सुरू झाले. उपवास करायचा की नाही आणि त्या दिवशी गोळीचं काय, हे आधी डॉक्टरांना विचारायचं, एवढं काकांनी मान्य केलं. मला ते पुरेसं वाटलं. श्रद्धेवर वाद घालून माणूस औषधापासून दुरावतो.

निघताना काकूंनी विचारलं, "झोपेत झालं तर?" उशी घामाने भिजलेली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, असं दिसलं तर रात्री तीनच्या सुमारास एकदा शुगर तपासा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.