गाडीच्या सायलेन्सरचं काळवंडलेलं टोक घरच्या घरी चमकवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१५ ची, पेट्रोलची, असते रत्नागिरीत. मागे बंपरखालून दिसणारी सायलेन्सरची नळी आतून काजळीने काळी, बाहेरून निस्तेज, त्यावर तपकिरी ठिपके. गॅरेजवाला म्हणतो बदलून टाका. घरी काही करता येईल का आणि कशाने घासू?

करता येईल. पण कशाने घासायचं हे ठरवायच्या आधी नळी कशाची आहे ते बघा. मी भोसरीला स्टीलच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काढली. डेअरीच्या टाक्या, पाइप, असलं काम. तिथे बफिंगवर, म्हणजे स्टील घासून चमकवायच्या कामावर, एक मामा होते. कुठलाही तुकडा हातात आला की आधी खिशातला चुंबक लावायचे, मग तोंड उघडायचे. त्यांची ती सवय मला लागली, आणि या कामात ती सगळ्यात उपयोगाची आहे.

फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढून न्या आणि टोकाला लावा. चिकटलाच नाही, किंवा दुमडलेल्या कडेशी नुसती किंचित ओढ लागली, तर ते ३०४ जातीचं स्टेनलेस आहे, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. नाहीतर त्याचा स्वस्तातला चुलतभाऊ, २०१ किंवा २०२. ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवलेल्या टोकांमध्ये हे बरंच दिसतं. घासायला हे सगळ्यात सोपं, कारण आरपार एकच धातू. वरचं गेलं तरी खाली तेच निघतं.

चुंबक टपकन बसला तर मात्र दोन शक्यता आहेत. आरशासारखी चमक असेल, निदान पूर्वी होती असं आठवत असेल, तर साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा आहे. आणि नळी नवी असल्यापासूनच राखाडी, तेलाच्या डब्याच्या पत्र्यासारखी दिसत असेल, तर ती बहुधा कंपनीतून आलेली मूळ नळी. म्हणजे जेमतेम ११ टक्के क्रोमियमचं ४०९ स्टेनलेस, किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद. ही नळी निस्तेज झालेली नाही, ती मुळात तशीच आहे. मुलामा दिलेल्या नळीला पॉलिश पेपर लावलात तर दोन दिवस चांदीसारखी दिसेल आणि पहिल्या पावसात लाल पडेल, कारण तिला गंजापासून वाचवणारा थरच तुम्ही खरवडून टाकलेला असेल. तिच्यावरचा सैल गंज तारेच्या ब्रशने झाडायचा, थिनरने पुसायची आणि सायलेन्सरसाठीचा हीटप्रूफ स्प्रे मारायचा, काळा किंवा सिल्व्हर. बाकी काही करू नका.

क्रोमचं प्रकरण नाजूक आहे. शोभेच्या क्रोमचा थर बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो (आपला केस साधारण ७० मायक्रॉन), आणि त्याच्याखाली निकेलचा जाड थर असतो. हे मी वाचून नाही, हात पोळून शिकलो. माझ्या पहिल्या मोटरसायकलच्या सायलेन्सरवर गंजाचे टिपके आले होते. कुणीतरी सांगितलं, संडास धुवायचं निळं लिक्विड ओत, दोन मिनिटांत नवा होतो. ओतलं. फेस आला, गंज खरंच गेला, मी खूश. पाणी मारून पुसला तर जिथे जिथे ओघळ गेला होता तिथे चमक कायमची उडालेली, खालून निकेल पिवळसर डोकावत होतं. त्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते क्रोम खातं. स्टेनलेसलाही ते चालत नाही, बारीक खड्डे पडतात. सायलेन्सरवर त्या ओघळांचा नकाशा गाडी विकेपर्यंत राहिला, आणि घेणाऱ्याने नेमकं त्यावर बोट ठेवून पाचशे रुपये कमी केले.

क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, पोळ्या गुंडाळतो तीच. चुरगाळून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने चोळायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे मुलाम्यावर ओरखडा उठत नाही आणि गंज तेवढा निघतो. थोड्या वेळाने राखाडी चिखल दिसायला लागतो, तो पुसून टाकायचा. मुलाम्याला पोपडे आले असतील तर मात्र घरचे उपाय थांबवा. नवं क्लॅम्पवालं टोक काही शे रुपयांत मिळतं.

आता काजळी. प्रत्येक घरात एक काकू असते जी म्हणते, चिंच लाव, नाहीतर पितांबरी लाव. तांब्या चिंचेने लखलखतो कारण त्याच्यावरचा काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. काजळी म्हणजे कार्बन. ती चिंचेत विरघळत नाही, लिंबात नाही, व्हिनेगरमध्येही नाही. तिला धरून ठेवणारा तेलकटपणा सोडवला की ती आपोआप सुटते, म्हणून इथे भांड्यांचा लिक्विड साबण, डीग्रीझर किंवा फडक्यावर घेतलेलं थोडं डिझेल कामाला येतं. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळवण्यापेक्षा सायलेन्सर बदलणं सोपं.

धुवायच्या आधी ती काजळी बोटाने एकदा बघून घ्या. कोरडी, मखमली, बोटावर पावडरीसारखी येत असेल तर पेट्रोल गाडीत ते थोडंफार चालतं, विशेषतः गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर. धुतल्यावर आठवड्यात पुन्हा कुट्ट काळी झाली तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय: एअर फिल्टर, प्लग, ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. आणि बोट ओशट झालं, काजळी काजळासारखी पसरली, तर इंजिन ऑइल जाळतंय. त्याला पॉलिश करून उपयोग नाही, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल किती उतरलंय ते बघा. हातमोजे घाला. ही काजळी चेहऱ्याला, नाकाला लागू देऊ नका, आणि कोरडी झाडून उडवू तर अजिबात नका, ओली करूनच काढा.

तुमच्या गाडीचं वर्णन वाचून मला वाटतं, टोक स्टेनलेसचं असावं आणि ठिपके समुद्राचे. खारी हवा स्टेनलेसवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पाडते. आत गंज पोचलेला नसतो, डाग वरवरचा असतो. तसं असेल तर एक रविवार सकाळ पुरते.

काम गाडी सुरू करायच्या आधी करा. आदल्या रात्रीपासून उभी असेल तर उत्तम. चालवून आल्यावर लगेच हात लावलात तर फोड येईल. बंपरच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि खाली पिशवी अंथरा, कारण काळं पाणी रंग न दिलेल्या प्लास्टिकमध्ये मुरलं की निघता निघत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन आतून बोट जाईल तेवढं, साधारण दोन-तीन इंच, घासा. त्याहून आत जाऊ नका. तिथे कोण बघायला येणार आहे? दहा मिनिटं साबण मुरू द्या आणि पुन्हा घासा. आतला भाग आरशासारखा करायचा हट्ट धरू नका, पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये तो पुन्हा काळा होणारच.

धुतल्यावर बाहेरचे डाग बघा. फिके असतील तर थेट पॉलिशवर जा. खरखरीत लागत असतील तर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर घ्या, ८०० नंबरपासून, मग त्याहून बारीक १२०० आणि शेवटी २०००. पेपर सतत ओला ठेवायचा. आणि मामांची एक युक्ती आहे: प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा मारायचा. ८०० नळीच्या लांबीने मारला असेल तर १२०० गोलाईने. मग आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते डोळ्याला लगेच कळतं. सगळे एकाच दिशेने मारलेत तर जुना खोल ओरखडा नव्यात लपतो आणि पॉलिश झाल्यावर उन्हात दात काढून हसतो. भांड्यांची तारेची घासणी वापरायची नाही. तिचे लोखंडी कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात, मग लोक म्हणतात स्टीलच खोटं होतं.

पॉलिशला ऑटोसोलसारखी धातूची पेस्ट घ्या. हरभऱ्याच्या डाळीएवढी पुरते. जुन्या बनियनची चार बोटं रुंद, हातभर लांब पट्टी फाडा, पेस्ट लावा, नळीभोवती पट्टी घाला आणि दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढा, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. बोटाने चोळण्यापेक्षा हे तिप्पट वेगाने होतं आणि गोलाईवर दाब सगळीकडे सारखा पडतो. पट्टी काळी पडायला लागेल. ती घाण समजून फडकं बदलू नका, तो धातूचाच वरचा थर पेस्टमध्ये येतोय, म्हणजे काम होतंय. काळी पेस्ट पातळ होऊन तिच्याखालून चमक दिसू लागेपर्यंत ओढत राहायचं. मग कोरड्या फडक्याने पुसून थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पुन्हा पुसा, तेलकट झाक निघते. माझा एका टोकाला साधारण पाऊण तास जातो, त्यातली शेवटची दहा मिनिटं नुसती मजा म्हणून.

वर मेण लावावं का? गाडीच्या बॉडीचं कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, सायलेन्सरच्या टोकाला ते फार टिकत नाही. लावायचंच असेल तर उष्णता सोसणारं सीलंट लावा. मी काहीच लावत नाही. तुमच्याकडे त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने मागचा भाग धुणं जास्त उपयोगी. गणपतीपुळ्याला, गुहागरला वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी धुवा, खालूनसुद्धा.

आणि एक गोष्ट, जी विचारली नाहीत. सायलेन्सर गंजतो तो बहुतेक आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की अंदाजे एक लिटर पाणी तयार होतं. सीएनजीत आणखी जास्त, किलोमागे सव्वादोन लिटरच्या आसपास. सकाळी नळीतून टपकणारे थेंब तेच. गाडी घरापासून बाजारापर्यंतच जात असेल तर सायलेन्सर तापून ते पाणी वाफ होऊन जायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास लांब चालवा. सायलेन्सरच्या डब्याला खाली बारीक भोक दिसलं तर एम-सील लावून बुजवू नका, बऱ्याच गाड्यांत ते पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. हा सल्ला मी माझ्या मेहुण्याला दिला तेव्हा त्याचं बुजवून झालं होतं.

घासताना मळ आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात फडकं कोंबायचं असतं. ते काढायला विसरू नका. तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी पहाटे उठून गाडी धुतली, टोक लखलखीत केलं, झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं आणि गाडी सुरू केली. इंजिन दोनदा गुदमरलं, मी जरा ॲक्सिलरेटर दाबला, आणि ते काळं, ऑटोसोलने माखलेलं बनियन फट्कन उडून शेजारच्या वहिनींनी नुकत्याच काढलेल्या रांगोळीच्या बरोब्बर मधोमध जाऊन पडलं.