पावसाआधी

प्रिय मुली,

वळवाचा पहिला पाऊस कोसळला आणि वर्गातली तीन मुलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली, हे वाचल्यावर मला पुढचं पत्र वाचवेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा ही मुलं आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. आपण तेव्हा घरी नव्हतो, हेच त्यांना टोचत असेल. ती बोलून दाखवणार नाहीत. तूच म्हण, "तुम्ही तिथे असतात तरी डोंगर थांबला नसता."

तू विचारलंस, आई परत येणार का म्हणणाऱ्या पोराला काय सांगू? खरं सांग. चौथ्या दिवशी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. वर यंत्रं जायला वाटच नव्हती. ज्याने आईला शेवटचं पाहिलं नाही, ते पोर वाट बघतच राहणार. "देवाघरी गेली", "झोपली" असलं काही म्हणू नकोस. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागात पत्र्याच्या शेडमध्ये मी एका सहा वर्षांच्या मुलीला "आई झोपलीय" असं सांगितलं. त्यानंतर ती मुलगी झोपेलाच भिऊ लागली. ती चूक माझी होती आणि मी ती अजून विसरलेले नाही. "आई दरडीत सापडली. ती वारली. आता ती येणार नाही. यात तुझी काही चूक नाही." एवढं बोल आणि गप्प बसून राहा. तेच पोर उद्या पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांग.

देह मिळाला नाही तरी निरोप द्यावा लागतो. तो कसा द्यायचा, हे आपण ठरवायचं नाही. ठाकर समाजातल्या जाणत्यांना विचार, ते सांगतील तसं कर.

मुलं चिखलाची वाडी करतात आणि वरून पाणी ओतून पाडतात, म्हणून तू घाबरलीस. खेळू दे. लहान मुलं घटकाभर रडतात आणि लगेच विटी-दांडू मागतात, म्हणून त्यांना दुःख नाही असं समजू नकोस. पण महिनोन्‌महिने तोच खेळ चालला आणि मूल त्यातून आणखी घुसमटून उठू लागलं, बोलणं तुटलं, अंथरूण ओलं होऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखव. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस फोनसेवा आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. तुला स्वतःसाठी लागला तरी फिरव.

कारण तूही यातून गेली आहेस. पटावरची ती दोन नावं कमी करायला हात धजत नाही, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंस. मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. नावं गुपचूप काढू नकोस. वर्गाला सांग, दोन्ही नावं एकदा मोठ्याने घे, मग काढ. आवाज फुटला तर फुटू दे. मुलांनी तुला रडताना पाहिलं म्हणून काही बिघडत नाही.

वर्षश्राद्धाला कॅमेरे येतील. मुलांना त्यांच्यापुढे उभं करू नकोस, कोणी वरून सांगितलं तरीही.

१९ जुलैला मी येते. मागच्या भिंतीशी बसेन, तू नेहमीसारखी हजेरी घे.

तुझ्या बाई