पॉलिसी परत करायला बारा दिवस उरलेत

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४७, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, पगार वर्षाला ११ लाख. २०१४ पासून निफ्टीच्या इंडेक्स फंडात (म्हणजे शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात) दरमहा १० हजारांची एसआयपी, तिचे आज २७ लाख झालेत. पीएफमध्ये १९ लाख. घराचं कर्ज १८ लाख बाकी. मुलगी अकरावीत, पुढे इंजिनीअरिंगला वर्षाला ३ लाख लागतील असा अंदाज. ते विचारतात, "बाजार कोसळला तर हे २७ लाख वाचवायचे कसे? १० टक्के पडला की विकून बाहेर पडू, की पुट ऑप्शन (ठरलेल्या भावाने विकायचा हक्क) विकत घेऊन ठेवू?" आणि अगदी शेवटी, ता. क. म्हणून लिहितात, "खबरदारी म्हणून फंडातले ३ लाख काढून बँकेतून गॅरंटीड इन्कमची पॉलिसी घेतली आहे. हप्ता १० वर्षं आहे, पुढचे हप्तेही फंडातूनच भरीन. पॉलिसी ई-मेलवर येऊन १८ दिवस झाले."

नमस्कार. तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो, आधी ता. क. बघू. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. १८ दिवस गेले, १२ राहिले. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून तुम्हाला ई-मेलही केलाय. छापील प्रत कुरिअरने नंतर येणार असली तरी तिच्यावर विसंबू नका, ई-मेल आला तो दिवस धरा.

बँकेतल्या अधिकाऱ्याने तुम्हाला सांगितलेला हिशेब असा: दहा वर्षांत ३० लाख भरा, दोन वर्षं थांबा, मग १२ वर्षं दरवर्षी ४ लाख ७० हजार घ्या, "म्हणजे साडेपंधरा टक्क्यांच्या वर गॅरंटी". हे ऐकून मला संताप येतो. त्या ४ लाख ७० हजारांतच तुमचं मुद्दल तुम्हाला परत मिळतंय. १२ वर्षं संपली की हातात वेगळं काही उरत नाही. कोणत्या वर्षी किती दिले आणि कोणत्या वर्षी किती मिळाले हे मांडून व्याज काढलं, तर ते ५ टक्क्यांच्या आसपास येतं. हेच ३ लाख तुम्ही आणि तुमच्या पत्नीने दीड-दीड लाख करून पीपीएफमध्ये भरले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर तितक्याच वर्षांनी तितकीच वर्षं साधारण ६ लाख मिळाले असते. पीपीएफची मुदत १५ वर्षांची आणि दर सरकार बदलतं, हे मान्य. तरी वर्षाला सव्वा लाखाचा फरक तुमच्यासमोर कुणी ठेवला नाही, तो ठेवायला हवा होता.

पण कमी व्याज हे या पॉलिसीचं मोठं दुखणं नाही. तुम्हाला भीती आहे बाजार पडण्याची. इंडेक्स फंडात निव्वळ बाजार पडल्याने कुणी बुडत नाही, पडलेल्या भावात विकावं लागलं की बुडतो. आणि तुम्ही दरवर्षी ३ लाख विकायची सक्ती स्वतःहून अंगावर घेतली आहे! दीड-दोन वर्षांनी फीचे ३ लाख सुरू होतील. म्हणजे वर्षाला ६ लाख बाहेर. बाजार ४० टक्के पडला तर २७ चे १६ होतात. त्यातून पहिल्या वर्षी ६ गेले की १० उरले, दुसऱ्या वर्षी आणखी ६ गेले की ४. यानंतर निफ्टी कितीही वर गेला तरी वाढायला मागे राहिलंय काय? हप्ता थांबवावा तर पॉलिसी मोडते आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा बरंच कमी हातात येतं. पडझडीपासून बचाव म्हणून घेतलेली वस्तूच तुम्हाला पडझडीत विकायला लावणार आहे.

म्हणून आजच विमा कंपनीला ई-मेल करा: पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, फ्री लूकमध्ये रद्द करतोय हे एक वाक्य आणि बँक खात्याचा तपशील. पोच घ्या. बँकेत "साहेब पुढच्या आठवड्यात भेटतील" असं म्हणाले तरी थांबू नका, करार कंपनीशी आहे. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ झाली तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल, मग पुण्याचे विमा लोकपाल. तो अधिकारी रोजच्या ओळखीचा आहे, वाईट वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. वाटू द्या.

या पॉलिसीत विमा आहे ३३ लाखांचा. तुमच्यामागे कर्जाचे १८ गेले की घरच्यांना १५ उरतात, म्हणजे दीड वर्षाचाही पगार नाही. वेगळा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, पत्रात कुठेच दिसत नाही. साठीपर्यंतचा किमान १ कोटीचा साधा टर्म घ्या. हप्ता वय-तब्येतीनुसार ठरेल, पण ३ लाखांच्या जवळपासही जाणार नाही.

आता तुमचा प्रश्न. १० टक्के पडला की विकायचं, हा नियम २०२० मध्ये लावून बघा. जानेवारीत १२,३६२ वर बंद झालेला निफ्टी मार्चच्या पहिल्या आठवड्यात ११,१०० च्या खाली गेला, तिथे तुम्ही बाहेर पडला असता. २३ मार्चला तो ७,६१० वर होता. त्या दिवशी, सगळा देश घरात बसायच्या तयारीत असताना, तुम्ही परत घेतलं असतं का? जुलैत तो पुन्हा ११,१०० वर आला होता. शिवाय आज सगळं विकलं तर साधारण १४ लाखांच्या नफ्यातले सव्वा लाख वगळून उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे दीड लाखाच्या वर कर. पुटचं म्हणाल, तर वर्षाला ३ टक्के खर्च धरला तरी ८१ हजार, आणि तेही दरवर्षी. नको.

मात्र "वर्षभरात सावरतोच" असंही मी म्हणणार नाही. २००८ मध्ये निफ्टी जानेवारीतल्या ६,२८८ वरून ऑक्टोबरात २,५२४ वर आला. २०१० च्या नोव्हेंबरात जुन्या पातळीला जेमतेम शिवून परतला आणि ती कायमची मागे टाकायला २०१४ उजाडलं. तुम्ही पुढची १३ वर्षं १५ टक्के धरून २ कोटी १० लाख काढलेत. १० टक्के धरा, सव्वा कोटी होतात. शिक्षणाचे १२ लाखही यातूनच काढले तर आणखी कमी. घर चालवायचं नियोजन या आकड्यावर करा.

गंगापूर धरणात पाणी कितीही असो, पिण्याचं आधी राखून ठेवतात आणि मग शेतीची आवर्तनं ठरतात. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तसा वेगळा काढा. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे: १९ लाखांचा पीएफ बाजारासोबत गडगडत नाही. दोन्ही मिळून तुमच्याकडे ४६ लाख आहेत. बाजार ४० टक्के पडला तर त्यातले ११ कमी होतील, म्हणजे एकूण चोवीस टक्के. ज्या संरक्षणासाठी तुम्ही धडपडताय त्यातलं बरंचसं पगारातून आधीच कापलं जातंय.

पॉलिसीचे परत येणारे पैसे सरळ एफडीत टाका, ती पहिल्या वर्षाची फी. एसआयपी अडीच वर्षं थांबवून ते १० हजार आवर्ती ठेवीत वळवा, त्यांचे ३ लाख दुसऱ्या वर्षाच्या फीपर्यंत जमतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे ६ लाख फंडातून काढायचे, पण या मार्चच्या आधी निम्मे आणि एप्रिलनंतर निम्मे, म्हणजे सव्वा लाखाची करसवलत दोनदा मिळेल. जुनी युनिट्स आधी विकली जातात, नफा जास्त दिसेल, तरी कर वीस-पंचवीस हजारांत आटोपेल. बचत खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च नसेल तर तोही याच वेळी काढून ठेवा. उरलेल्या फंडाला हात लावू नका आणि ॲप रोज उघडू नका. कंपनीकडून पोच आली की मला कळवा. बाराव्या दिवसापर्यंत आली नाही, तरी कळवा.