घरात दीड वर्षाची मुलगी असताना डिफ्यूझर आणि इसेन्शियल ऑइल वापरलं तर चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा: ताईंनी डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) आणि सोबत सहा बाटल्यांचा सेट मागवलाय, लॅव्हेंडर, लेमन, पेपरमिंट, निलगिरी, टी ट्री आणि लेमनग्रास. घरात दीड वर्षाची मुलगी आहे. सेटबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय की दोन थेंब पाण्यात टाकून प्यायलं तरी चालतं, आणि सासूबाई म्हणतात निलगिरी तर आम्ही पहिल्यापासून वापरतोय. तर अरोमाथेरपी म्हणजे नक्की काय आणि हे सेफ आहे का.

ताई, आधी तो कागद फाडून टाका. पिणं हा विषयच नाही. बाकीचं सावकाश सांगते, जरा लांबेल.

मी शहापूरला दिरांच्या मेडिकलमध्ये बसते, डी.फार्म केलंय. आमच्या बेळगावचा पावसाळा असा की जूनमध्ये एकदा लागला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत आणि पोरांची नाकं थांबत नाहीत. त्या दिवसात रोज एक तरी बाई निलगिरीचं तेल मागायला येते, कुणी मराठीत, कुणी नीलगिरी एण्णे म्हणून कन्नडमध्ये, आणि मी प्रत्येकीला विचारते, घरात बाळ केवढं आहे? आधी नव्हते विचारत.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. नाक चोंदलेलं, रात्री झोपेना, म्हणून मी रुमालावर निलगिरीचे चार थेंब टाकून उशीजवळ ठेवला, माझी आई तेच करायची. दहा मिनिटांनी बघते तर पोरगं रुमाल तोंडात धरून चोखतंय आणि तोच हात डोळ्याला लावतंय. जे रडायला लागलं ते थांबेचना, डोळा लालभडक, वर खोकला, आम्ही भर पावसात गाडी काढून डॉक्टरांकडे. नशीब पोटात फार गेलं नव्हतं, डोळा बराच वेळ पाण्यानं धुतला, दोन तास बसवून ठेवलं आणि सोडलं. डॉक्टर ओळखीचे, ते एवढंच म्हणाले, "आक्का, तुम्ही मेडिकलमध्ये बसता न्हवं ओ?" अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

तर पहिला मुद्दा, नाव ऑइल असलं तरी हे आपल्या खोबरेलसारखं तेल नव्हे. भांड्यात पानं-फुलं घालून खालनं वाफ सोडतात, ती वाफ वासाचा अंश घेऊन वर जाते, थंड केली की पाणी खाली आणि वर पातळ थर, तो थर म्हणजे इसेन्शियल ऑइल. गुलाबपाणी म्हणतो ते ह्याच कामातलं पाणी. लिंबू-संत्र्याचं मात्र बहुतेक साल दाबून काढतात. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार टन पाकळ्या लागतात म्हणजे बघा बाटलीत काय कोंबलेलं असतंय. त्यामुळं "नॅचरल आहे, काय होतंय" हे वाक्य इथं चालत नाही. दारातल्या गवती चहाची दोन पाती चहात घालणं वेगळं आणि लेमनग्रास ऑइलचा एक थेंब वेगळा, दोन्ही एकाच झाडाचं असलं तरी.

अरोमाथेरपी म्हणजे ह्या तेलांचा वास घेऊन किंवा ती अंगाला लावून बरं वाटायचा उपाय. हा शब्द गॅटेफॉसे नावाच्या फ्रेंच केमिस्टचा, त्याचं ह्याच नावाचं पुस्तक 1937 सालचं. 1910 साली लॅबमध्ये स्फोट होऊन तो भाजला होता आणि जखम चिघळल्यावर त्यानं लॅव्हेंडर लावलं म्हणतात. त्याचं त्याला लखलाभ, आपण भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरायचं, तेल ओतायचं नाही.

उपयोग होतो का, तर थोडा होतो. वासाच्या नसा मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागाच्या अगदी जवळ जातात, म्हणून तर आज्जीच्या ट्रंकेतला वेखंड-कापराचा वास आला की मला खानापूरचं घर डोळ्यासमोर उभं राहतं. लॅव्हेंडरनं काही जणांना जरा शांत वाटतं, झोप बरी लागते असं काही अभ्यासात दिसलंय, पण ते अभ्यास बहुतेक छोटे, आणि वास तर हुंगणाऱ्याला कळतोच, मग औषध कुठलं आणि मनाचा खेळ कुठला हे वेगळं कसं काढणार. छान वाटतं म्हणून लावा, माझं काहीच म्हणणं नाही. दमा, शुगर, बीपी बरं होतं म्हणून कोण विकत असेल तर नको.

आता तुमच्या मुलीचं. निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल, तो, कापूर आणि पेपरमिंटमधलं मेन्थॉल हे तिन्ही लहान मुलांना जड. पोटात काही मिली निलगिरी गेली तरी मूल पेंगुळतं, आणि झटके, म्हणजे फिट, येऊ शकतात. बेंगळूरच्या न्यूरॉलॉजिस्टनी निलगिरी आणि कापराच्या वासानं, बाम चोळल्यानं सुद्धा फिट आलेले पेशंट नोंदवलेत, त्यात मोठी माणसं पण आहेत. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर ही तेलं आणायचीच नाहीत. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल लावलं तर श्वास अडकू शकतो. आणि ओवा-कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधायची आपल्याकडं पद्धत आहे ना, त्यातला कापूर काढा, नुसता ओवा राहू दे. देवापुढचा कापूर पण वरच्या फळीवर, मूल तो खडीसाखर समजून खातं आणि एक ग्रॅमच्या आसपास सुद्धा जिवावर बेतू शकतं. सासूबाईंना हे सांगताना मी सांगितलं म्हणून सांगा, तुमच्यावर येणार नाही.

चुकून मुलीनं गिळलंच तर उलटी करवायची नाही, तेल फुफ्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं. बाटली बरोबर घ्या, 108 लावा किंवा थेट दवाखाना गाठा, "ठीक दिसतंय" म्हणून घरी थांबू नका, कारण त्रास अर्ध्या तासानंतर पण सुरू होतो. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा आणि दाखवून या.

अंगाला लावायचं झालं तर कधीच कोरं नाही. पाण्यात घालून पण नाही, तेल पाण्यात मिसळत नाही. खरं वाटत नसेल तर स्टीलच्या वाटीत पाणी घ्या आणि एक थेंब टाका, वर तवंग पसरेल, पाण्याचा बाकी थेंबन्‌थेंब कोराच. अंघोळीच्या बादलीत टाकलं की तोच तवंग अंगाला चिकटतो आणि आग होते. खोबरेल किंवा तिळाच्या तेलातच घाला. हिशोब सोपा, एक मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे दहा मिली खोबरेलात चार थेंब टाकले की दोन टक्के होतं, मोठ्यांना भरपूर झालं. चेहऱ्याला त्याच्या निम्मं. कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, खाज नाही आली तर पुढं. साल दाबून काढलेलं लेमन लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आमच्याकडं एक कॉलेजची पोरगी गालावर तसा पट्टा घेऊन आलेली, कोरं लेमन लावून रोज स्कूटीवरनं टिळकवाडीला जायची. गरोदर बाईनं, दमेकऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको. मांजर असेल तर टी ट्री बिलकुल नको, मांजराच्या लिव्हरला ते पचत नाही.

खरं-खोटं कसं ओळखायचं हे पण लोक विचारतात. कागदावर थेंब टाकून ठेवा, लॅव्हेंडर-लेमनसारखं हलकं तेल काही तासात उडून जातं, तेलकट डाग राहिला तर आत दुसरं तेल मारलंय. चंदन, वाळा अशी जड तेलं तशीही डाग सोडतात, त्यांना ही परीक्षा नाही. आणि चंदनाचं म्हणाल तर म्हैसूरला शंभर वर्षांहून जुना चंदन तेलाचा कारखाना आहे, खऱ्या चंदन तेलाचा भाव एकदा तिथल्या लोकांना विचारा, मग बाजारात शंभर रुपयाला मिळणाऱ्या "सॅन्डल ऑइल"मध्ये काय असेल ते आपसूक कळेल. बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल आणि फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम असं छापलं असेल तर ते नुसतं सेंट, अंगाला नाही. बाटली काळपट काचेची हवी, झाकण घट्ट, थंड जागी. जुनी झालेली लॅव्हेंडर-लेमनची बाटली हवेनं बिघडते आणि मग ॲलर्जी जास्त होते, वर्ष-दीड वर्षानं टाकून द्या.

तुमच्या सहापैकी मी असते तर निलगिरी आणि पेपरमिंट मुलगी मोठी होईपर्यंत डब्यात बंद करून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले असते, किल्ली आपल्याकडं. टी ट्री फक्त तुमच्या पिंपलला, पातळ करून. लॅव्हेंडर किंवा लेमन डिफ्यूझरमध्ये, 100 मिली पाण्यात तीन थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी, आणि मुलगी दुसऱ्या खोलीत असताना. तिच्या खोलीत रात्रभर लावून झोपायचं नाही. तिचं नाक चोंदलं तर मेडिकलमधनं सलाइनचे नाकात घालायचे थेंब आणा, स्वस्त मिळतात, आणि ताप असेल, श्वासाला घरघर असेल तर डॉक्टर. राहिला लेमनग्रास, तर तो डिफ्यूझरमध्ये दोन थेंब टाका हवं तर, मला विचाराल तर मी गवती चहाचा एक ठोंब कुंडीत लावते. पाऊस लागला की पातं तोडायचं, आल्याबरोबर उकळायचं, घरभर तोच वास.