वाचकांचे प्रश्न : नॅनोबॉडी आत पोहोचते, पण सिग्नल फिका

प्रश्न : उंदराच्या मेंदूच्या १०० मायक्रॉन कापांत नेहमीची अँटिबॉडी वरच्या थरातच अडकते, म्हणून नॅनोबॉडीला (उंटाच्या अँटिबॉडीचा, लक्ष्याला पकडणारा छोटा तुकडा) चमकणारा डाय लावून वापरली. सिग्नल फिका, बॅकग्राउंड भरपूर. काय चुकतंय?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : आयजीजी, म्हणजे नेहमीची अँटिबॉडी, साधारण १५० किलोडाल्टनची, नॅनोबॉडी १५ची, म्हणून ती खोल शिरते. पण दुय्यम अँटिबॉडीमुळे (पहिलीला चिकटणारी, डाय लावलेली दुसरी अँटिबॉडी) जमणारा डायचा गुच्छ इथे नसतो, त्यामुळे थोडा फिकेपणा येणारच. उरलेलं नुकसान बहुधा लेबलिंगमध्ये झालंय. एनएचएस डाय लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ते लायसिन नेमकं पकड घेणाऱ्या भागात असेल तर नॅनोबॉडी निकामी होते. शेपटाला सिस्टीन हे अमिनो आम्ल असलेली नॅनोबॉडी घ्या, सिस्टीनला चिकटणारा मॅलिमाइड डाय वापरा, पीएच ७ ते ७.५ ठेवा. डीटीटीचा (सिस्टीन मोकळं करायला वापरतात ते रसायन) अंशही राहू देऊ नका, तो डाय खाऊन टाकतो.

बॅकग्राउंडसाठी पहिला संशय मोकळ्या डायवर घ्या. इथे घोटाळा होतो तो कॉलममध्ये. आयजीजीसाठी आणलेल्या ४० किलोडाल्टन कटऑफच्या (त्याहून लहान रेणू अडकवणाऱ्या) स्पिन कॉलममध्ये नॅनोबॉडीही डायसोबत रेझिनमध्येच अडकते. ७चा कॉलम घ्या. द्रावण घट्ट करायची गाळणी ३ किलोडाल्टनची. ३०चीतून सगळं खाली वाहून जातं, म्हणून खालचं द्रव तपासल्याशिवाय फेकू नका.

कापांना आधी १०० मिलिमोलर ग्लायसिन १५ मिनिटं, मग ०.३ टक्के ट्रायटन (पेशींची पटलं सच्छिद्र करणारं डिटर्जंट) आणि ३ टक्के बीएसए (नको तिथे चिकटणं रोखणारं प्रथिन). नॅनोबॉडी ५० ते १०० नॅनोमोलर, ४ अंशांवर एक-दोन रात्री. तिला पकडायला एकच हात, त्यामुळे लांबलचक धुण्यात ती सुटते. १० मिनिटांचे तीन वॉश पुरे, त्यानंतर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १० मिनिटं पुन्हा फिक्स करा. तोच डाय लावलेली असंबंधित नॅनोबॉडी कंट्रोल म्हणून हवीच.

प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत ते धरू नका. काप कडेने सुकतात आणि सुकलेली कड खोटी चमकते.

प्रश्न : यासाठी उंट पाळावा लागतो का?
– शिक्षक, शिरपूर

उत्तर : नाही. नॅनोबॉडी ज्यांचा तुकडा आहे त्या, फक्त जड साखळ्यांच्या अँटिबॉडी उंटात सापडल्याचं ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलं. जनुकाचा क्रम हाती असला की नॅनोबॉडी ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनते; नव्या लक्ष्यासाठी कृत्रिम लायब्ररीतूनही (असंख्य नॅनोबॉडींच्या संग्रहातून) निवडता येते.