माझी रूममेट व्हेगन झाली आहे आणि मी मटण खाते म्हणून मला ‘खुनी’ म्हणते. तिला काय उत्तर द्यावं?

प्रश्नाखाली ताईंनी थोडं सविस्तर लिहिलंय. नाशिकच्या कॉलेज रोडला दोघी एका फ्लॅटमध्ये राहतात. मैत्रीण वर्षभरापूर्वी व्हेगन झाली, म्हणजे मांसाबरोबर दूध-तूपही सोडलं. रविवारी यांनी मटण आणलं की ती ताटावरून उठून जाते, आणि गेल्या आठवड्यात तोंडावर ‘खुनी’ म्हणाली. ताईंना ‘तिचं तोंड बंद होईल असं’ उत्तर हवंय.

तसं उत्तर माझ्याकडे नाही. मी स्वतः बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याच्या रश्शावर वाढलोय, दर रविवारी ठरलेल्या खाटकाकडे सकाळी रांगेत असतो, तरी नाही. मैत्रीण बोलली वाईट, पण मुद्द्यात खोटं काही नाही. बकरं मारल्याशिवाय मटण होत नाही, एवढं आधी कबूल करा आणि मग काय ते बोला. ‘झाडालाही जीव असतो’ हे तर अजिबात म्हणू नका. बकरं झाडपाला खाऊनच वाढतं, त्यामुळे झाडांची दया येणाऱ्यानं पहिलं मटण सोडायला पाहिजे. ‘मग तुझी पर्स चामड्याची कशी?’ हेही नको. समोरच्याला अशा फटीत पकडून आपलं ताट स्वच्छ होत नाही.

‘खुनी’ हा शब्द मला लागतो त्याचं कारण वेगळं आहे. व्हेगन हा शब्द मी ऐकायच्या कितीतरी आधी तो मला आमच्या दाजींनी ऐकवलाय.

माझी थोरली बहीण, आमची ताई, सिन्नर तालुक्यात माळकऱ्यांच्या घरात दिली. दाजी कष्टाळू माणूस. एकादशी चुकत नाही, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंडीबरोबर पायी जातात. माळेबद्दल मला आदर आहे, आमच्या आजोबांच्या गळ्यातही होती. पण आजोबांनी माळ घातली म्हणून कधी दुसऱ्याच्या ताटात डोकावून पाहिलं नाही. दाजी आमच्या घरी आले की उंबऱ्यातच विचारणार, ‘भांडी वेगळी आहेत ना?’ एकदा माझ्या आईच्या देखत म्हणाले, ‘मुकं जनावर मारून खाणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. खूनच तो.’ तेव्हापासून ते येणार असले की आई आदल्या दिवशी सगळं घर धुऊन काढायची. गुडघे दुखत असताना. ताई मान खाली घालून बसायची.

हे एकट्या दाजींचं नाही. २००५ साली सिडकोतलं घर सोडून गंगापूर रोडला भाड्यानं घर बघत होतो. मालकांना नोकरी पसंत पडली, पगार पसंत पडला, मग विचारलं, ‘नॉनव्हेज?’ मी खरं सांगितलं आणि किल्ली परत त्यांच्या खिशात गेली. माझी बायको तिथंच उभी होती. त्या घरात सकाळी दोन लिटर दुधाच्या पिशव्या दारात लटकलेल्या होत्या, हे मला अजून आठवतं.

दूध मुद्दाम सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आमच्या पुतण्याच्या मुलाचं जावळ होतं. मळ्यात मांडव. एका बाजूला बोकडाचं जेवण, दुसऱ्या बाजूला माळकऱ्यांसाठी गोडं. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाची, म्हणजे दाजींची मुलगी, पुण्याहून आली होती. ती व्हेगन झाल्याचं मला ताईकडून कळलं होतं, पण म्हणजे नेमकं काय ते डोक्यात शिरलेलं नव्हतं. ती आधी वडिलांबरोबर गोड्या पंगतीत बसली. बट्टीवर तूप, वरणावर तूप, वाटीत बासुंदी. ‘तूप नको’ म्हणेपर्यंत वाढप्यानं पळी ओतून टाकलेली. पोर दोन मिनिटं तशीच बसली, ताट बाजूला ठेवलं, उठली आणि मांडव ओलांडून आमच्या पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, ‘मामा, मला नुसती भाकरी, ठेचा आणि कांदा द्या.’

माळकऱ्याची लेक खाऱ्या पंगतीत! कुजबुज सुरू झाली. दाजी तरातरा आले. ‘त्या हाडकांच्या ताटाशेजारी बसवतं तरी कसं तुला?’

ती शांतपणे म्हणाली, ‘अण्णा, इथं बोकड कापलाय हे सगळ्यांना माहीत आहे. तिकडच्या बासुंदीसाठी कोण मेलं ते कुणी विचारत नाही.’

‘दूध काढायला गाय मारावी लागत नाही.’

‘आणि आपले गोऱ्हे कुठं जातात?’

दाजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण त्यातला एक कुठं गेला ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दाजींकडे तेव्हा चौदा एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या गायी होत्या, आजही दहा-बारा आहेत. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि वेतांत निम्मे गोऱ्हे. आमच्या लहानपणी घरी डांगी होत्या. डांगी गाय दूध थोडकंच देते, पण तिचा गोऱ्हा म्हणजे घरचा बैल. इगतपुरीच्या पावसात चिखलणी करणारं जनावर ते, घोटीच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक असतं. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. वर ट्रॅक्टर आल्यावर बैलच कुणाला नको झाला. पूर्वी असे गोऱ्हे व्यापारी घेऊन जायचा, कुठं नेतो ते कुणी विचारत नसे. गाय कापायला राज्यात १९७६ च्या कायद्यानंच बंदी होती, मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. व्यापारी यायचा थांबला. गोऱ्हे जन्मायचे कसे थांबणार?

मग गोठ्यात काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. गोऱ्हा दिवसाला चार लिटर दूध पिणार, लिटरला तेव्हा आम्हाला वीस-बावीस रुपये मिळायचे. त्याला गायीजवळ सोडतच नाहीत. कासेला लावायचं ते पान्हा फुटेपर्यंत, की ओढून बाजूला. कुणी सुरी चालवत नाही. तो आपोआप मरतो, आणि मग ‘जगला नाही’ असं म्हणतात.

२०१६ च्या पावसाळ्यात मी ताईकडे गेलो होतो. निघताना दाजी म्हणाले, ‘तुझी पिकअप रिकामीच चाललीय, हा चार दिवसांचा गोऱ्हा नाशकात गोशाळेत सोड.’ मागं गोऱ्हा बांधला. पुढच्या सीटवर ताईनं आईसाठी खरवसाचा डबा ठेवला. त्याच गायीचा चीक होता तो. जो त्या गोऱ्ह्याच्या पोटात जायचा, तो वेलची घालून डब्यात होता आणि मी मोहदरी घाट उतरत होतो. दोन गोशाळांत विचारलं, दोन्हीकडे जागा नव्हती. त्यांचा तरी काय दोष, त्या वर्षी रोज कुणी ना कुणी गोऱ्हा घेऊन दारात उभा असायचा, असं तिथला माणूस सांगत होता. दाजींना फोन केला. ते म्हणाले, ‘मग सोड कुठंही. इकडे परत आणू नको.’

मी सोडला. रात्री साडेनऊ वाजता, हायवेजवळ एका बंद ढाब्याच्या मागं, पाऊस चालू असताना. तो गाडीमागं चालत आला थोडा. सकाळी परत जाऊन पाहिलं, तिथं नव्हता.

पुढच्याच महिन्यात दाजी घरी आले आणि उंबऱ्यात विचारलं, ‘भांडी वेगळी आहेत ना?’ मी म्हणालो, ‘आहेत.’ त्या दिवशी जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. आठ वर्षांनी त्यांच्या लेकीनं मांडवात बोलून दाखवलं.

पंगत उठल्यावर मी तिला विहिरीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हीसुद्धा तो शब्द वापरणार. तिनं एवढंच विचारलं, ‘किती दिवसांचा होता?’ मग बराच वेळ दोघं काही बोललो नाही. ताई, तुमच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा. ‘खुनी’ ऐकून मी कधी मान वळवली नव्हती, उलट ताठच झालो होतो. त्या एका प्रश्नानं माझी झोप गेली. त्यानंतर मी गोऱ्ह्यांबद्दल गावात उघड बोलायला लागलो.

भाचीनंच मला सांगितलं की हे भांडण आपल्या मांडवातलं नवं नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याचे मोजके सोबती शाकाहारी मंडळींपासून वेगळे झाले ते दुधावरूनच, आणि तेव्हाच ‘व्हेगन’ हा शब्द तयार झाला. म्हणजे व्हेगनांचं पहिलं भांडण मटण खाणाऱ्यांशी नव्हतंच, ते दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांशी होतं. हे ऐकून मला जे समाधान वाटलं ते लपवत नाही.

मी तिलाही मोकळं सोडलं नाही. म्हटलं, तू खातेस त्या मेथीच्या रानात उन्हाळ्यात मेंढपाळांची मेंढरं बसवलेली असतात. रात्री मेंढरं बसवायचे शेतकरी पैसे किंवा धान्य देतो, ते लेंडीखत रानाला मिळतं, आणि त्याच कळपातले नर खाटकाकडे जातात. तुझी भाजीसुद्धा त्या साखळीतच आहे. ती म्हणाली, ‘माहीत आहे मामा. शक्य आहे तेवढं टाळायचं, एवढंच आमचं म्हणणं आहे.’ व्हेगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असंच म्हटलंय. आणि तिनं ते पाळलं. तिच्या लग्नासाठी ताईनं येवल्याच्या पैठणीचे पैसे कितीतरी वर्षं साठवले होते. कोष उकळताना आतला किडा मरतो म्हणून पोरीनं रेशीम नको म्हटलं आणि सुती साडी नेसून उभी राहिली. ताई दोन दिवस रडली. मला त्या पोरीचा अभिमान वाटतो. ताईचं रडणंही मला कळतं.

माझं ठाम मत सांगतो. मटण खाणाऱ्याला जाब विचारायचा अधिकार कुणाला असेल तर तो तुमच्या मैत्रिणीसारखीला आहे, कारण ती स्वतः काहीतरी सोडून बसलीय. सकाळी बासुंदी ओरपून संध्याकाळी दुसऱ्याची भांडी बाटली म्हणणाऱ्याला तो नाही. घरमालकांना नाही. आमच्या दाजींना नाही. तुमची मैत्रीण बोलते तेव्हा बसून ऐका, तुमचंही सांगा, ‘खुनी’ शब्द या घरात चालणार नाही असं मात्र स्पष्ट बजावा. मटण घरात शिजणारच असेल तर पातेलं, पळी, फ्रिजमधला कप्पा वेगळा ठेवा. तिच्या भावनेसाठी ठेवा, विटाळ म्हणून नाही. दोन्हीत फरक आहे आणि तो माझ्या आईच्या गुडघ्यांना विचारा.

काही गोष्टी राहिल्या. सगळेच गोठेवाले असे नसतात. आमच्याच गावात एक जण प्रत्येक गोऱ्हा दोन महिने पाजतो आणि तोटा सोसतो. आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य मिळतं, त्यानं नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात. दाजीही आता तेच वापरतात. लेकीमुळे का हिशोबामुळे ते मी विचारलेलं नाही, आमचं बोलणं कामापुरतंच असतं. मी अजून मटण खातो आणि चहात दूधही घालतो. खरवस मात्र नऊ वर्षांत तोंडाला लावला नाही. मैत्रिणीला बी-१२ ची गोळी घेते का ते विचारा, हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. भाचीनं पहिल्या वर्षी घेतली नव्हती, हातापायांना मुंग्या यायला लागल्यावर डॉक्टरांकडे धावली.

आणि रविवारी सकाळी दोघी मिळून मिसळ खायला जा. दही नको म्हणून आधीच सांगायचं, बाकी रस्सा, मटकी, शेव, पापड तिला सगळं चालतं. मटण रात्री करा.